ह्याला तू निवडलंस का?

कर्णिक बाई लग्नाला गेल्या की आहेराचं पाकीट देण्याआधी नवरीच्या कानाला लागायच्या. "ह्याला तू निवडलंस का गं, की नुसती हो म्हणालीस?" नवरी लाजायची, नवरा गोंधळायचा, सासू डोळे वटारायची. बाई उत्तर मिळेपर्यंत हलायच्या नाहीत. मागे आहेरवाल्यांची रांग खोळंबायची.

घाटकोपरच्या एका कॉलेजात बाई जीवशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या लॅबमध्ये शिपाई होतो. मी सातवी नापास. पण बत्तीस वर्षं ट्रे धरून मागे उभा राहिलो, म्हणजे तेवढी वर्षं मीही बसलोच की वर्गात. बाई स्वतः बिनलग्नाच्या राहिल्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "मी पण निवड केली. कुणालाच नाही, ही पण निवडच असते."

लॅबमध्ये गप्पी माशांची टाकी होती. तिला खाणं घालणं, पाणी बदलणं माझं काम. बाई पोरांना टाकीभोवती उभं करायच्या. "बघा, हा बारका रंगीत आहे तो नर. ही मोठी, साधी, ती मादी. तो नाचतोय, शेपटी फुलवतोय. ती बघतेय. आवडला तर ठीक, नाहीतर चालली." पोरं हसायची. बाई हसायच्या नाहीत. "दात काय काढता? कॉलेजला बाईक आणता ती काय पेट्रोल जाळायला? तुमची पण शेपटीच ती." मग मुलींकडे वळायच्या. "पोट नऊ महिने कुणाचं? दूध कुणाचं? ज्याचं जास्त खर्ची पडतं, तो जास्त पारखून घेतो. लाखो वर्षं ज्यांनी नीट पारखलं त्यांची पिल्लं जगली. त्यांचेच आपण."

ह्यातलं मी माझ्या सोयीचं तेवढं उचललं.

माझं आणि रजनीचं लग्न होऊन सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. गावी कुडाळकडे आईने दुसरी मुलगी बघून ठेवली. "दुसरी कर रे. घराक दिवो होयो ना?" मी बाईंकडे पंधरा दिवसांची रजा मागायला गेलो.

"कशाला?"

"लग्न आहे, बाई."

"कुणाचं?"

"माझं."

बाईंनी खडू खाली ठेवला. मी घाईघाईने म्हणालो, "तुम्हीच शिकवता ना, ज्याला पिल्लं नाहीत तो संपला."

"गावडे, पाणी खाली वाहतं असं शेजारच्या वर्गात शिकवतात. म्हणून तू गच्चीवरून उडी मारतोस? जे घडत आलं ते मी सांगते. कसं वागायचं ते माशाला विचारू नकोस." मग म्हणाल्या, "तपासणी कुणाची केलीत?"

"तिची. तीन डॉक्टर झाले. सगळे म्हणतात, ठीक आहे."

"आणि तुझी?"

"माझी कशाला? मी पुरुष आहे."

"टाकीतले मासे असलं बोलत नाहीत, म्हणून मला आवडतात," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी मला धरून ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. दोष माझा होता.

त्या दिवशी मी धुतलेली टाकी परत धुतली. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "दोन कामं कर. रजेचा अर्ज फाड. आणि घरी, गावी, सगळीकडे खरं सांग."

अर्ज फाडला. रजनीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ तिचा हात सुपातच राहिला. मी म्हणालो, तुला जायचं तर जा, मी अडवणार नाही. ती म्हणाली, "सात वर्षं तुमचं घोरणं ऐकतेय. आता नव्याची सवय कुठे करू?"

मी बाईंना विचारलं, "हे कशात बसतं? मूल होणार नाही हे कळूनही ती राहिली. तुमच्या शास्त्राने तर तिने जायला हवं."

बाई म्हणाल्या, "शास्त्र हजारांचं सांगतं, गावडे. एकट्या रजनीचं सांगत नाही. ते तिलाच विचार."

विचारलं नाही. आणि बाकी कुणाला खरंही सांगितलं नाही. आईला म्हटलं, मला दुसरी नको. आईला वाटलं, पोरगा केवढ्या मनाचा! चाळीलाही तेच वाटलं. असल्फ्याच्या आमच्या चाळीत कुणाचं डोहाळजेवण असलं की रजनी सकाळपासून पुऱ्या लाटायची, आणि ओटी भरायची वेळ आली की बायका म्हणायच्या, "रजनी, तू जरा आत गॅसकडे बघ." ती आत जायची. मी बाहेर खुर्च्या मांडत असायचो. सगळं ऐकू यायचं.

दर दिवाळीला बाईंकडे मुलुंडला फराळ घेऊन जायचो. डबा हातात घेण्याआधी त्या विचारायच्या, "सांगितलंस?"

"नाही, बाई."

"बरं. चकली ठेव तिकडे." त्यांनी स्वतः कधी कुणापाशी तोंड उघडलं नाही. एकदा मीच म्हणालो, तुम्हीच सांगून टाका. म्हणाल्या, "चूक तुझी, तोंड पण तुझंच लागेल."

ह्या वर्षी रजनी गेली. तेराव्याला बाई आल्या. ऐंशी पार केलेल्या, रिक्षाने एकट्या. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या, सतरंजीवर भिंतीला टेकून बसल्या. माझी वहिनी आल्यागेल्या बायकांना सांगत होती, "स्वभावाने सोनं हो. पण बिचारीची कूस काही उजवली नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "दोष तिच्यात नव्हता. माझ्यात होता. तिला माहीत होतं, मला माहीत होतं. मी बोललो नाही."

वहिनी म्हणाली, "भावोजी, आता सांगताय? कुणाला सांगताय?"

थोड्या वेळाने बाई उठल्या. मी त्यांना धरून जिन्यापर्यंत नेलं. मला वाटलं, आता तरी पाठीवर हात ठेवतील. चपला घालता घालता त्या म्हणाल्या, "हे चारचौघांतलं बोलणं तिच्या कानावर पडायला हवं होतं रे, गावडे."

दीड महिन्याने त्याही गेल्या. आता सगळं कळल्यावर लोक मला म्हणतात, बाईंनी तुला सुधारलं. बाईंनी माझी रजा तेवढी अडवली. पुढचं काम त्यांनी माझ्यावर सोडलं होतं, आणि ते मी रजनी जिवंत असताना केलं नाही.