गावाबाहेरचा विसावा

'संथ पर्यटन' हा शब्द मी पहिल्यांदा पुण्यातल्या एका कचेरीत ऐकला आणि मला हसू आलं. केडगाव स्टेशनवर उतरून रांजणगावच्या गणपतीला अनवाणी निघालेली माणसं मी लहानपणापासून पाहत आलो होतो. ती संथच चालायची. पायाला फोड आलेल्या माणसाला दुसरं काय जमणार?

ही दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. डिप्लोमा करून सणसवाडीच्या कंपन्यांचे उंबरे झिजवल्यावर मला त्या सल्लागार कचेरीत तात्पुरती नोकरी लागली होती. देवदर्शनाच्या जुन्या पायवाटांवर थांबे ठरवायचे होते. जिथं थांबा ठरेल तिथं सरकारकडून पाटी, संडास आणि नळ मिळणार होता. जागा बघून फॉर्म भरणं हे माझं काम. एक वाट थेट आमच्या वस्तीवरून जात होती, त्यामुळं मी जाम खूश होतो.

आमची वस्ती म्हणजे भीमेकाठच्या एका गावातला बौद्धवाडा. तिथं माझ्या विधवा आत्याच्या दारात कडुनिंब होता आणि त्याखाली दोन रांजण. स्टेशनवरून निघालेल्या माणसाचे पाय नेमके तिथं बोलायला लागायचे. आत्या पाय शेकायला मिठाचं गरम पाणी द्यायची, भुकेल्याला पिठलं-भाकरी वाढायची. दारावरचा निळा झेंडा दिसला की काहीजण पाणी न पिताच उठायचे. आत्या त्यांना अडवायची नाही, पण रांजणावरचं झाकण आपटायची.

मी एकदा चिडून म्हणालो, "त्यांच्या देवाचं तुला काय पडलंय?"

"देवाशी माझं काय बी न्हाई. पर फोड आल्यालं मानूस दारातनं तसंच जाऊ देऊ व्हय?"

उन्हाळ्यात ते रांजण भरायला ती नदीवरून कळशा आणायची. गुडघे पार गेले होते. मला तिच्या दारात नळ हवा होता. बाकी पर्यटनाचं मला काही सोयरसुतक नव्हतं.

फॉर्म मी तिच्या अंगणात बसूनच भरला. आत्यानं शेजारी बसकण मारली होती. "संथ पर्यटन म्हंजी काय रं?" तिनं विचारलं. मी समजावलं. "मंग आमी कवा पळत व्हतो?" म्हणून ती खूप हसली. सावली, पाणी, जेवण, बसायची जागा, सगळे रकाने मी झोकात भरले. कार्बन प्रत तिनं मागून घेतली. साक्षरतेच्या वर्गात ती उतारवयात वाचायला शिकली होती, पण त्या दिवशी वाचलं काही नाही. भाच्यानं लिहिलंय म्हणून तिनं कागद डोक्याला लावला आणि ट्रंकेत ठेवला.

पुढं प्रत्येक वेळी तिचा एकच प्रश्न असायचा, "नळ कवा येतुय?"

यादी आली. थांबा गावातल्या सोसायटीच्या चेअरमनच्या बंगल्याशेजारी ठरला होता. तिथं ना सावली होती ना कुणी कधी टेकलं होतं. माझं डोकं फिरलं. मी तडक कचेरीतल्या आमच्या मॅडमच्या टेबलापाशी गेलो आणि आवाज चढवला. बाईंनी शांतपणे माझाच फॉर्म पुढं केला. म्हणाल्या, "निर्जन जागा आपण घेत नाही, बायामाणसांनी चालायचंय. मला वाटलं, ही जागा रानात आहे. तुम्हीच लिहिलंय ना?"

'स्थान' या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलं होतं: गावाबाहेर.

चाळीस घरं, समाजमंदिर, मतदार यादीत नावं, आणि तरी गावाबाहेर. पोस्टमनला, पाहुण्याला, सोयरीक घेऊन येणाऱ्याला पत्ता सांगताना आम्ही तेच म्हणायचो. त्या बाईंचा मला राग येईना, कारण त्यांना त्या शब्दाचा अर्थच ठाऊक नव्हता. मला ठाऊक होता. तरी लिहिताना हात अडला नाही, याची चीड आजही जात नाही. दुरुस्तीचा अर्ज मी दिला. अहवाल वर गेलाय, असं उत्तर आलं.

आत्याला मी सांगितलं, "वरच्यांनी नाव कापलं."

"वरच्यांनी कशापायी? त्या चेअरमननंच कापलं आसंल." तिनं त्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि मी घालू दिल्या. त्या माणसाबद्दल मला कधीच प्रेम नव्हतं, पण त्या शिव्या माझ्या वाट्याच्या होत्या. मग ती उठली. चेअरमनला दाखवायचा म्हणून ट्रंकेतून कागद काढला आणि निंबाखाली बसून पहिल्यांदाच बोट ठेवून वाचू लागली. सावली. पाणी. जेवण. बोट खाली सरकलं आणि थांबलं.

"गा-वा-बा-हेर," तिनं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. "अक्षर तुजंच हाय की रं."

"हो, आत्या."

तिनं कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

"मंग आपलं गाव कंचं?" तिनं विचारलं.