गिरणीतलं पारायण

"सांगू नगंस दीपमाला. शेवट तोंडातून निघाला तर तुझं सगळं दळण भरड काढीन!"

"अवो अक्का, एवढंच सांगते, ती शेवटी..."

"गप!"

दुपारी लाइट गेली होती आणि चतुराबाईची गिरणी बंद पडली होती. लाइट असेपर्यंत गिरणीत कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. गेली की बाया डब्यांवर बसतात, आणि आमच्या गावात कोण काय वाचतंय ते तेव्हाच कळतं.

सध्या कादंबरी एकच चालू होती. एक बाई गाठोडं घेऊन होडीत बसते आणि मोठ्या नदीतून खाली खाली जात राहते, एवढीच गोष्ट. अंगणवाडीतल्या दीपमालानं ती दोन दिवसांत संपवली. चतुराबाईला चार महिने झाले.

त्याला कारण होतं. चतुराबाई लग्नानंतर सासूच्या पोथीवर बोट ठेवून अक्षरं शिकली. वाचायची एकच रीत तिला ठाऊक. अंघोळ करायची, पाटावर बसायचं, रोज एक अध्याय; एक दिवस खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून. वाचनालयातली कादंबरीही ती तशीच वाचत होती. खंड तीनदा पडला. एकदा ताप आला, एकदा पुतणीचं लग्न निघालं. तिसऱ्यांदा काय झालं ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

"मी सांगते," रुक्मिणबाई म्हणाली. तिला अक्षर येत नव्हतं, पण ऐकून मत द्यायला ती सगळ्यांच्या पुढं. "शेवटाजवळ आली की ही मुद्दाम खंड पाडतीया. आजबी सकाळी वाचलं न्हाई. आन् त्या होडीवालीचं तरी काय? चूल सोडून पाण्यावर बसून ऱ्हायची. आयतं खायला कोण देतंय?"

"गाठोड्यात भाकरी हायत तिच्या," चतुराबाई म्हणाली.

"चार महिने पुरल्या?"

बाया हसल्या. चतुराबाईही हसली, पण तिचं ध्यान वर होतं. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या कांड्या तिरप्या आत आल्या होत्या आणि त्यांत पीठ तरंगत होतं. ते खाली पडत नव्हतं. कुठं जायची घाई नसल्यासारखं हळूहळू सरकत होतं. चतुराबाईनं होडी उभ्या जन्मात पाहिली नव्हती; तिची होडी याच पिठातून जायची.

"मी वाचलं की ती उतरंल," ती हळूच म्हणाली. "अजून बसून हाय तंवर हाय."

तेवढ्यात वाचनालयाचा वीरेश सायकल टेकवून आत आला.

"अक्का, पुस्तक द्या. उद्या तपासणी हाय. आज समदी पुस्तकं कपाटात पायजेत."

"उद्या घेऊन जा रे."

"उद्या साहेब येणार. आजच लागतंय."

आता पुन्हा पहिल्यापासून धरायची सोय उरली नाही. आणि पारायण अर्धं टाकणं चतुराबाईच्या अंगात नव्हतं. ती उठली, रांजणातलं पाणी घेऊन हातपाय धुतले, फळीवरचं पुस्तक काढलं आणि धान्याच्या पोत्यावर मांडी घालून बसली. वीरेश दारातच उभा राहिला. चतुराबाई उरलेला शेवटचा अध्याय मोठ्यानं वाचू लागली. बोट ओळीखालून सरकत होतं, पानावर पिठाची रेघ उमटत होती.

शेवटच्या पानावर ती बाई उतरली. नाव नसलेल्या एका गावाला, गुडघाभर पाण्यात, गाठोडं डोक्यावर घेऊन.



"हेच सांगत हुते," दीपमाला पुटपुटली.

"बरं झालं उतरली," रुक्मिणबाई म्हणाली. "कामाला लागंल."

वीरेशनं हात पुढं केला.

"थांब की. पोथी संपली की पुन्हा सुरवातीच्या चार ओळी वाचत्यात. तशीच मिटत नसत्यात."

तिनं पानं उलटी लोटली आणि पहिलं पान काढलं. पहाट होती. घाटाला होडी लागलेली होती. बाईनं गाठोडं आत ठेवलं, एक पाय होडीत टाकला. चार ओळी वाचून चतुराबाईनं पुस्तक मिटलं, पदरानं पुसलं आणि वीरेशच्या हातात दिलं.

"ने आता. बसली ती."

वरचा बल्ब लागला. चतुराबाईनं पदर खोचला, कळ दाबली, पट्टा धडधडू लागला. रुक्मिणबाई काहीतरी म्हणत होती. ऐकू आलं नाही. चतुराबाईनं तिची ज्वारी वर ओतली आणि खाली पडणारं पीठ चिमटीत धरून पाहिलं. जरा जाड येत होतं. तिनं जातं अर्धा फेरा आवळलं.