विहिरीतल्या मासोळ्या आणि माझी मांजर

नातीनं मांजर पाळली आहे. तिच्या खाण्याच्या पुड्यावर मासोळीचं चित्र आहे. सकाळी पुडा फाडल्याचा आवाज आला की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. "ही मासोळी कुठली गं?" मी विचारते. "दुकानातली," ती म्हणते आणि हसते. हस बाई. मला मात्र अकोल्याची विहीर दिसते.

साठ सालाच्या आधीची गोष्ट. मी चौथीत होते. वडील शाळामास्तर, घर सोवळ्याचं. लसणाचा वाससुद्धा आईला खपत नसे. शेजारी एक चाचा राहायचे, गाद्यांचा कापूस पिंजणारे. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आणि त्या भिंतीतच विहीर, अर्धी आमच्या अंगणात, अर्धी त्यांच्या. पाण्यात चाचांनी सोडलेल्या बोटभर मासोळ्या होत्या. त्या किडे, अळ्या खात, म्हणून पाणी नितळ राही. त्यांना कोणी खायचं नसतं, हे दोन्ही घरांना न सांगता ठाऊक होतं. चाचा रोज सकाळी मूठभर मुरमुरे टाकत आणि वाकून बघत राहत.

त्या उन्हाळ्यात माझी मांजर व्याली. अमरावतीच्या मावशीकडून मीच हट्टानं आणलेली. दोन पिलं अंगावर पीत होती, आणि आमच्याकडे तिला मिळायचं काय? ताकभात! ती ताकभाताकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची, मग जाऊन दुधाचं पातेलं उलथं करायची. तिसऱ्यांदा सांडलं तेव्हा आई कडाडली, "आता एक डाव जरी तोंड घातलं ना, पोत्यात घालून अकोटच्या मोटारीत बसवून देईन!" आई बोलली की करायची.

चाचांच्या घरी मटण शिजायचं, वास भिंतीवरून यायचा. पण मास्तरांची पोर तिथं मटणाचे तुकडे मागणार? मेले तरी मागितले नसते. अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे, मागण्यापेक्षा मला चोरणं सोवळं वाटलं.

पिठाची जुनी चाळणी घेतली, चार सुतळ्या बांधल्या, त्यांना विहिरीचा दोर. दुपारी दोन्ही घरं पेंगायला लागली की चाळणीत भाकरीचा तुकडा बांधून खाली सोडायची. मासोळ्यांना माणसाच्या हातचं खायची सवय. बिचाऱ्या आपण होऊन यायच्या. पाणीही तळाला गेलेलं, पळायला जागा ती कितीशी! रोज एक, मग दोन, मग तीन. मांजर कठड्यावर बसून वाट बघायची. दुधाला तिनं पुन्हा तोंड लावलं नाही. "शहाणी झाली वं तुझी मांजर," आई म्हणाली. मी मान हलवली, पण घास गोड लागेना. दर दुपारी ठरवायची, आता बास, आणि दर दुपारी पाय तिकडेच वळायचे.

आषाढ लागेपर्यंत मुरमुरे तसेच तरंगायला लागले. घागरीत अळ्या वळवळू लागल्या. चाचा दिवसातून दहादा वाकून बघत. "मीच मारल्या," ते आईला म्हणाले. "पाणी साफ कराले टाकतो तो चुना यंदा जास्त पडला माह्या हातानं. भाभी, हे पाणी पिऊ नका." आई दोन गल्ल्या ओलांडून पाणी आणू लागली. तिचा खांदा सुजला. चाचांचं कामात लक्ष लागेना, पिंजणाचा आवाज मधेच थांबायचा. आणि मला? पुस्तक उघडलं की अळ्या दिसायच्या, जेवायला बसलं की चाचांची वाकलेली पाठ. सांगायला उठायची, पोतं आठवायचं, परत बसायची.

एक दिवस चाचा एस.टी.नं दर्यापूरकडे गेले आणि नदीवरून घागरभर मासोळ्या घेऊन संध्याकाळी परतले. दोन्ही घरं विहिरीभोवती जमली. घागर कठड्यावर टेकली मात्र, माझी मांजर धावत आली. धुण्याच्या दगडामागे मी चाळणी लपवायची, तिथं जाऊन अंग घासू लागली आणि माझ्या तोंडाकडे बघून ओरडू लागली. आईनं दगडामागे हात घातला. चाळणीच्या जाळीत खवले अडकलेले होते.

"काहून वं?" आई एवढंच म्हणाली. मी रडत भडाभडा सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता चाचा हाणतात. ते विहिरीत वाकून बघू लागले. "म्हंजे माह्या चुन्यानं नाही मेल्या," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बेटा, आमच्या घरून रोज मटणाचे छिछडे कावळ्याइले फेकतो आमी. मले एक डाव सांगतलं असतं तं..." मला वर बघवेना.

दुसऱ्या दिवशी आईनं एक फुटकं मातीचं परळ नेऊन भिंतीवर ठेवलं आणि तोंड फिरवून आत आली. चाची त्यात तुकडे टाकू लागल्या. मांजर भिंतीवर जेवू लागली, मग पिलांना तिकडे घेऊन गेली, आणि महिन्याभरात त्यांचीच झाली. मी हाक मारली की भिंतीवरून बघायची, उतरायची नाही.

"आण ना वं उचलून," आई एकदा म्हणाली. मी भिंतीपर्यंत गेले, हात पुढे केले आणि तशीच परत आले. आणून तिला खायला काय घालणार होते मी?