हवेतला जावई आणि माळ्यावरची केरसुणी

आकुर्डीत तोवर विमानात बसलेला एकही माणूस नव्हता, त्यामुळं विमानाबद्दल सगळ्यांनाच सगळं ठाऊक होतं. उद्धवरावांना अंमळ जास्तच. त्यांचा थोरला जावई यशवंतराव पिंपरीच्या नव्या कारखान्यातर्फे शिकायला लंडनला निघाला होता, तोही विमानानं.

निघताना जावई म्हणाला, "मामा, पाच हजार मैल आहे खरं, पण उद्या रात्री पोचतो बघा."

उद्धवराव हिरमुसलेच. गावातल्याच बबनरावांचा जावई आगगाडीनं नागपूरला जातो, त्यालाही एवढाच वेळ लागतो. मग लंडनचा रुबाब तो काय राहिला? पारावर त्यांनी हिशेब जरा दुरुस्त केला. "आठ दिस लागत्यात. खाली नुस्तं पानी."

"मंग इमान झोपतं कुठं?" भैरूनं विचारलं.

"ढगावर," उद्धवराव म्हणाले, आणि पारावर कुणाची शंका उरली नाही.

ही बातमी घरी पोचायला मात्र आठ दिवस लागले नाहीत. त्यांच्या कारभारणीनं, गोजाबाईनं, केरसुणी उचलून माळ्यावर टाकली. माणूस वाटेवर असताना मागं घर झाडायचं नाही, अपशकुन होतो. जावयाला निरोप द्यायला आलेल्या गावानं शेंगा खाऊन सोपाभर टरफलं केली होती, ती तशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी सांगावा आला. धाकट्या मंजुळेला बघायला चाकणची मंडळी उद्या येतायत. मंजुळेची दोन स्थळं आधीच हातची गेलेली, आणि ह्या मुलाच्या आईनं, सोजराबाईनं, नुसती चुलीपुढची राख बघून एक पोरगी नाकारली होती म्हणे.

"अगं, केर काढ की. जावई कवाच पोचला."

"तुमीच म्हनला व्हता, आठ दिस."

"त्ये आपलं उगंच. दिसभराचीच वाट हाय."

"चाकनला गाडी जुपली तर दुपार व्हती. आन् पाच हजार मैल एका दिसात? धाकटीच्या लग्नापायी थोरलीच्या कुकवावर उठलाय व्हय?"

खरं बोलायची उद्धवरावांना सवय नव्हती, त्यामुळं ते पटवताही येईना.

चाकणकर आले. पहिल्याच पावलाला टरफलं कर्रकन वाजली. सोजराबाईनं लुगडं वर धरलं. "झाडायची रीत न्हाई वाटतं हितं?"

पोह्यांच्या ताटल्या घेऊन मंजुळा दारातच थिजली. उद्धवराव आढ्याकडं बघू लागले.

"जावई हवेत हाय आमचा," गोजाबाई ठणकावून म्हणाली. "त्यो भुईला टेकल्याबिगर केरसुनीला हात लावायची न्हाई मी. मग सोयरीक जमू न्हाईतर मोडू."

सोजराबाईनं लुगडं खाली सोडलं. मग टरफलं हातानं सारून खाली बसली नि लेकाला म्हणाली, "जावयापायी जी एवढं करती, ती तुझी आबाळ करायची न्हाई. पोरगी पसंत हाय."

उद्धवरावांची छाती लगेच वर आली. "आठ दिसांची वाट हाय त्येची, आन् ती बी कमीच सांगतोय म्या, विहीणबाई."

पाहुण्यांची बैलगाडी वळणाआड गेली, तशी त्यांनी स्वतःच माळ्यावरून केरसुणी काढली.

"ठिवा ती," गोजाबाई म्हणाली. "मान्सं अजून चाकनच्या वाटंवर हायेत."

उद्धवराव मुकाट टरफलांत बसले. चाकणला विमान कधी सुरू होणार, एवढं मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.