वाघरीच्या मेखा

जुन्नरहून येडगावला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारे मेंढपाळ बसले होते. मांडीवर वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. नजर खिडकीबाहेर, बोटं मात्र तुटलेल्या गाठी आपोआप बांधत होती.

"ताई, तुमी काय करता?"

मी पेशींवर संशोधन करते. हे सांगताना नेहमी माझी त्रेधा उडते. त्या दिवशी जाळी बघून सुचलं. म्हटलं, "पेशीत बारीक नळ्या असतात. त्यांच्यावरून माल इकडून तिकडं जातो. तुमच्या मेखा वाघर धरतात, तशी काही प्रथिनं या नळ्यांना धरून ठेवतात. मेंदूतली ती सुटली की नळ्या मोडतात. माणूस विसरायला लागतो."

बोटं थांबली.

"आमची म्हातारी इसरती. माझं नावबी ठावं न्हाई तिला. ह्या मेखा परत ठोकता येत्यात का?"

"अजून नाही जमलं, बाबा."

त्यांनी सावकाश मान हलवली आणि अर्धी राहिलेली गाठ आवळली. "रोज सकाळी आमी मेखा उपटतो, वाघर गुंडाळतो. पन मेंढरं लगीच पांगत न्हाईत. व्हती तितंच बसून ऱ्हात्यात."

त्यांचा थांबा आला. "ती बगा, सुनेजवळ," म्हणत त्यांनी पाराकडं बोट दाखवलं. तिथं सुनेशेजारी म्हातारी बसली होती. बस निघेपर्यंत मी बघत राहिले. ते जवळ गेले, तशी तिनं परक्या माणसाकडं बघावं तसं त्यांच्याकडं पाहिलं, आणि जरा सरकून त्यांना जागा करून दिली.