इंगळेबाईंचा साचा आणि नोव्हेंबरातला मोर

पिंपळगाव राजाच्या मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या सिंधूताई इंगळे चिडल्या की आवाज चढवत नसत. हातातलं ब्लेडचं पातं खाली ठेवत आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत त्याच्याकडे बघत राहत. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. प्रत्येक शाळेच्या भिंतीवर महिनावार हजेरीचा तक्ता लावा, असा हुकूम निघाला होता आणि मास्तर मंडळी वाकड्यातिकड्या रेघा ओढून बेजार झाली होती.

बाईंनी दवाखान्यातून टाकून दिलेल्या एक्स-रेच्या फिल्मा आणल्या, सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन त्या काचेसारख्या लख्ख केल्या आणि पात्याने त्यात साचे कापले. जितकी हजेरी तितकी उंच, अशा उभ्या पट्ट्यांचा एक, महिन्यांच्या नावांचा एक, मुलगा-मुलगीच्या खुणांचा एक. साचा कागदावर ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, तक्ता तयार. फिल्मची गुंडाळी होते म्हणून संच कापडाच्या ताग्यातल्या पुठ्ठ्यांत दाबून नाड्याने बांधला. वर चिठ्ठी चिकटवली: ‘वापरा. नक्कल करा. बदलायचं असेल तर बदला. पुढच्याला द्या.’

लोकांनी तसंच केलं. वरवट बकालच्या वामनराव गुरुजींनी त्यात आकड्यांची पट्टी घातली आणि ती सगळ्यांकडे गेली. ‘इंगळेबाईंचा साचा’ म्हटलं की तक्ता खरा, असं साहेब लोकही धरून चालू लागले. घात तिथेच झाला.

बाईंना हवं होतं एकच. नोव्हेंबर-डिसेंबरात पोरी कापूस वेचायला जात आणि वर्ग निम्मा रिकामा होई. त्या दोन महिन्यांपुरता दिवेलागणीचा वर्ग भरवायची मंजुरी त्यांनी मागितली. तालुक्याच्या शाळा तपासणाऱ्या साहेबांनी अर्ज परत पाठवला. शेरा असा, की शेजारच्या गावी आपल्याच साच्याने काढलेल्या तक्त्यात मुलींची हजेरी वर्षभर सारखी दिसते. कापूस तिथेही आहे. मग आपल्याच शाळेला वेगळा वर्ग कशाला?

बाई त्याच दिवशी शेजारच्या गावी गेल्या. हेडमास्तर उत्तमरावांच्या भिंतीवर तक्ता झळकत होता. ऑक्टोबरला चिकटून जानेवारी.

“गुरुजी, मधले दोन महिने कुठं गेले?”

“एक तरी आकडा खोटा हाय का, बाई? दाखवा.”

“आकडे खरे हायेत. महिने खाल्ले तुमी.”

“पोरी येतच नाहीत, त काढू काय? बुटक्या पट्ट्या? भिताड खराब दिसते. कैचीनं तेवढा तुकडा उडवला अन् डिंकानं जोडून देल्ला.” उत्तमराव हसले. “अन् तुमच्याच चिठ्ठीवर हाय, बदलायचं असेल त बदला. बदललं!”

घरी येईपर्यंत बाईंचं डोकं तापलेलंच होतं, आणि त्यातला अर्धा राग स्वतःवर होता.

वामनराव समजवायला आले. “आता तरी शिक्का मारा, बाई. परवानगीबिगर कोणी हात लावाचा नाही म्हना.”

“शिक्का असता त तुमची आकड्यांची पट्टी कुठून आली असती?”

“मंग गप बसता का?”

“काऊन गप बसू? लबाडी करायचीच असंल त घाम गाळून करा म्हणावं. कैचीच्या दोन घावांत नाही होऊ देनार.”

त्यांनी नवा साचा कापला. गोल. जून ते एप्रिल, भाकरीच्या चतकोरासारखी अकरा घरं, पट्ट्या मधून बाहेर निघणाऱ्या. यातलं घर गाळलं की खिंडार पडतं. ते बुजवायचं तर सगळे कोन नव्याने मोजून साचा पहिल्यापासून कापावा लागतो. चिठ्ठी तीच ठेवली, एक अक्षर न बदलता.

गोल तक्ता दिसायला देखणा. दिवाळीनंतर उत्तमरावांच्या शाळेत सगळ्या गुरुजींची सभा होती, तेव्हा त्यांनी गेल्या सालचे आकडे घेऊन हौसेने तोच काढला. दोन घरं गाळली आणि खिंडारात रंगीत मोर काढला.

सभेला आलेले साहेब तक्त्यासमोर थांबले. “गुरुजी, नोव्हेंबरात मोर?”

“शोभेचा हाय, साहेब.”

“आणि मुली?”

उत्तमरावांनी इकडेतिकडे पाहिलं. “वेचणीले, साहेब.”

मागच्या बाकावर बाई बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. बाहेर त्या घडीलाही पोरी वेचणीवरच होत्या.

मंजुरी आली ती फेब्रुवारीत. ‘चालू शैक्षणिक वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरकरिता.’ कापसाच्या पऱ्हाट्याही उपटून झाल्या होत्या. बाई तो कागद घेऊन तालुक्याला गेल्या आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

“कापसाले सांगून पाहू का, साहेब? परत बोंडात जाय म्हणून?”

दाराशी बसलेला कारकून फिस्सकन हसला. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी नवा अर्ज करा, बघू. बाई खुर्चीत बसल्या आणि बसूनच राहिल्या. साहेबांनी दोन माणसं भेटून घेतली, चहा घेतला, सह्या केल्या. बाई तिथेच. शेवटी साहेबांनी कागद ओढला, ‘चालू शैक्षणिक वर्षाच्या’ खोडलं आणि ‘दरवर्षीच्या’ लिहिलं.

“झालं समाधान?”

“हे एका शाळेचं झालं. तालुक्यातल्या समद्या शाळांच्या नावानं काढा.”

“अर्ज तर तुमच्या एकट्या शाळेचा आहे, बाई.”

“वेचाले एकट्या माह्या शाळेच्या पोरी जातात काय?”

साहेबांनी कारकुनाकडे बघून मान हलवली, तेव्हा त्याने सगळ्या शाळांच्या नकलांसाठी खणातून कार्बनचे कागद काढले.