चार तुकड्यांचा कॉम्प्युटर

तोक्तारबायना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी त्यांच्या शेजारचं घर लुटायला आलोय याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. माझा अपराध इतकाच, की ते घर मी विकत घेतलं होतं. ट्रकमधून माझं सामान उतरत होतं आणि हे गृहस्थ हात पाठीशी बांधून कुंपणापाशी उभे होते. मी सलाम केला. त्यांनी तो घेतला, पण खोटं नाणं उलटसुलट करून बघावं तसा. मग फाटक उघडून आत आले आणि त्यांनी माझ्याभोवती सावकाश एक प्रदक्षिणा घातली. मग दुसरी. तिसऱ्या प्रदक्षिणेला माझी मलाच शंका यायला लागली.

"गाद्या सहा आणि माणसं तीन," ते म्हणाले. "बाकीची तिघं कुठे ठेवलीस?"

"पाहुण्यांसाठी आहेत, तोके," मी म्हटलं. आमच्याकडे वडीलधाऱ्याचं नाव असं आदराने आखूड करतात.

"म्हणजे पाहुणे येणार हे तुला आधीच ठाऊक आहे," ते म्हणाले आणि मान हलवत निघून गेले. आठवडाभर त्यांच्या खिडकीचा पडदा बोटभर उघडा होता.

पुढे कळलं की दोष त्यांचा नव्हे, नोकरीचा. आमच्या अयागोझ गावच्या स्टेशनात चौतीस वर्षं त्यांनी मालगाड्यांची सिलं तपासली. रूळ थंडीने कडकडत असताना हातात कंदील घेऊन एकेका डब्यापाशी जायचं, दाराला लावलेलं शिशाचं सील अंगठ्याने चाचपायचं, पुढे सरकायचं. चौतीस वर्षांत जगातल्या वस्तू त्यांच्यापुरत्या दोनच प्रकारच्या उरल्या: सील असलेल्या, आणि कोणीतरी हात घातलेल्या.

निवृत्त झाल्यावर डबे गेले, अंगठा राहिला. बाजारात कलिंगडं घेताना ते ढिगाच्या तळातलं मागायचे. "वरचं मला दिसावं म्हणूनच वर ठेवलंय." डॉक्टरने तब्येत ठणठणीत आहे म्हणून सांगितलं, तर पहिला डॉक्टर काय लपवतोय हे शोधायला ते दुसऱ्याकडे गेले. आणि तरी माणूस सोन्यासारखा. एका हिमवादळात आमचं दार छपरापर्यंत गाडलं गेलं, तेव्हा पासष्टीच्या या माणसाने फावडं घेऊन दोन तासांत आम्हाला मोकळं केलं. दार उघडल्यावर घाम पुसत पहिला प्रश्न मात्र हाच, "दोन दिवस आत काय चाललं होतं?"

त्यांची बायको कुल्याश भूगोलाची मास्तरीण. शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात त्यांनी घरातली प्रत्येक बरणी तीनदा घासली होती. शिकवण्यावाचून ही बाई हळूहळू विझत चालली होती, हे आम्हा शेजाऱ्यांनाही दिसत होतं. अशात पत्र आलं. लांबच्या हिवाळी वस्त्यांवरच्या मेंढपाळांच्या पोरांसाठी कॉम्प्युटरवरून भरणारी शाळा निघाली होती आणि कुल्याशबाईंना तिथे भूगोल मिळाला होता. अटी दोन. कॉम्प्युटर स्वतःचा हवा, आणि तीन तास बुडाले की वर्ग दुसऱ्याला. बाईंनी ते पत्र छातीशी धरून मला वाचून दाखवलं. तोकेंनी ते उजेडात धरून पाहिलं.

कॉम्प्युटर घ्यायला तोकेंची हरकत नव्हती. अडचण एकच होती, भाचा.

तो ओरमान. तोकेंच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, सेमेई शहराच्या रस्त्यावर टॅक्सी चालवतो. चांगला पस्तिशीचा, दारातून आडवा होऊन आत येणारा, हसला की कपाटातले पेले वाजतात. आता आमच्या कझाखांत भाच्याला मामाच्या घरून जन्मात तीन वस्तू मागायचा हक्क असतो. मागेल ती द्यायची. नाही म्हणणाऱ्या मामाचा हात थरथरायला लागतो म्हणतात. ओरमानने सहाव्या वर्षी शिंगरू मागितलं, विसाव्या वर्षी मोटरसायकल. तिसरा हक्क पंधरा वर्षं तसाच पडून होता आणि तोकेंच्या डोक्यावर टांगलेला होता. भाचा घरी यायचा असला की मामा चांगल्या वस्तू गोणपाटाखाली सरकवायचे.

"मामा, गोणपाटाखाली काय आहे?" ओरमान विचारायचा.

"गोणपाट," मामा सांगायचे.

अशा मनःस्थितीत आम्ही तिघं दुकानात गेलो. गाडी माझी म्हणून मी. दुकानातल्या मुलीने एक लॅपटॉप उघडून पुढे ठेवला.

तोकेंनी तो एका हाताने उचलला आणि त्यांचा चेहरा काळवंडला. "एवढासा? यातलं बाकीचं कुठाय?"

"सगळं यातच आहे, आजोबा. पडदा हा, बटणं ही, यंत्र बटणांच्या खाली."

"एकात एक इतकं कोंबलंय म्हणजे कोणीतरी काहीतरी लपवतंय."

"अहो, मला हाच हवाय," कुल्याशबाई म्हणाल्या. "हिवाळ्यात गरम खोली एकच, स्वयंपाकघर. हा तिथे नेता येईल."

"नेता येईल!" तोके माझ्याकडे वळून म्हणाले. "ऐकलंस? त्याची मूळ बुद्धीच जाण्याची."

मुलगी शहाणी होती. तिने दोन्ही बाजू नीट सांगितल्या. टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर त्याच पैशांत जास्त दमदार मिळतो, पडदा मोठा म्हणून डोळ्यांना बरा, एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. पण तो जिथे ठेवाल तिथेच राहणार आणि वीज गेली की मरणार. लॅपटॉप मात्र वीज गेल्यावरही दोन-तीन तास चालतो. "आजी कुठे बसून शिकवणार, त्यावर आहे," ती म्हणाली.

तोकेंनी यातलं एकच वाक्य धरलं. "भाग म्हणालीस. किती भाग?"

"डबा, पडदा, कीबोर्ड, माऊस. चार."

"सुटे?"

"सुटे."

तोके हसले. त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं आणि त्यांच्या चेहऱ्यालाही ती सवय नसावी. परतताना गाडीत, मागच्या सीटवर पडदा मांडीवर घेऊन, त्यांनी हिशेब उलगडला. "पोराचा हक्क एक उरलाय. वस्तू चार. मागू दे काय मागायचं ते. नुसता डबा नेऊन काय बोंब मारणार? नुसत्या पडद्यात तोंड बघणार? एकट्या तुकड्याने कोणाचंच काही होत नाही."

"आणि उरलेल्या तीन तुकड्यांवर मी भूगोल शिकवायचा?" कुल्याशबाईंनी विचारलं.

"तो मागणारच नाही. त्यालाही कळतं."

"माझ्या नोकरीपेक्षा तुम्हाला तुमचा भाचा मोठा!"

"मोठा आहेच. दारातून आडवा येतो."



कॉम्प्युटर बसला पुढच्या खोलीत, पाहुण्यांच्या. ती खोली ईद आणि बारसं सोडून तापवत नसत. तोकेंनी जपून ठेवलेली रेल्वेची पक्कड काढली आणि मागच्या सात वायरींना सात शिशाची सिलं ठोकली. कुल्याशबाई अंगावर मेंढीच्या कातड्याचा कोट, हातात बोटं कापलेले मोजे अशा थाटात पोरांना वाळवंटं शिकवू लागल्या. त्यांच्या तोंडची वाफ पडद्यावर बसायची. पोरांनी विचारलं, "बाई, तुम्ही पण मेंढ्यांबरोबर राहता का?" पण आठवडाभरात त्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू यायला लागला, पूर्वीचा, खणखणीत. बरण्या घासणं बंद झालं.

नवी वस्तू आली की नातेवाईक बघायला येतात, बघणावळ म्हणून काहीतरी भेट ठेवतात. ओरमान भलामोठा घोड्याच्या मांसाचा सॉसेज घेऊन आला. मामांनी आधी त्या सॉसेजची दोन्ही टोकं तपासली, मग भाच्याला खोलीच्या उंबऱ्यावर उभं करून कॉम्प्युटर लांबून दाखवला.

"छान आहे, मामा. ही सिलं कशाला?"

"हवा लागू नये म्हणून."

ओरमान खो खो हसला. स्वयंपाकघरातले पेले वाजले. मामी मात्र हसल्या नाहीत. थंडीने फुटलेली बोटं लोणी लावून चोळत होत्या, आणि भाच्याची नजर त्या बोटांवर गेली हे मी पाहिलं.

नोव्हेंबरच्या शेवटी वादळ आलं. सकाळी अकराला बाईंनी नाईल नदी अर्धी शिकवली आणि वीज गेली. नाईल तिथेच आटली. चार दिवसांनी पुन्हा तेच. शाळेतून फोन आला, दोन तास बुडाले, आणखी एक बुडाला तर नियमाप्रमाणे वर्ग जाईल. बाईंनी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि एक बरणी घासायला घेतली.

"मी वीजवाल्यांकडे जातो," तोके कासावीस होऊन म्हणाले. "हे मुद्दाम आहे. नेमकी तुझ्याच तासाला कशी जाते?"

"सगळ्या अयागोझची गेली होती."

"तेच! आपल्याला कळू नये म्हणून सगळ्यांची घालवली."

रविवारी चहाला मी तिथेच होतो. ओरमान आला, आडवा होऊन आत शिरला, टोपी काढून बसला आणि कधी नव्हे तो हसला नाही. "मामा," तो म्हणाला, "आज मागतोय."

तोकेंनी पेला खाली ठेवला. या क्षणाची त्यांची तयारी होती. "माग. एक वस्तू."

"कॉम्प्युटर."

"कॉम्प्युटर अशी वस्तू माझ्या घरात नाही. डबा आहे, पडदा आहे, कीबोर्ड आहे, माऊस आहे. कुठली हवी?"

"मामा, मी शिंगरू मागितलं तेव्हा तुम्ही शिंगरू दिलंत. चार पाय वेगळे मोजले नाहीत."

"शिंगराला वायरी नव्हत्या."

"शेपूट होतं."

तोकेंनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. तू बाहेरचा आहेस."

मी म्हटलं, "तोके, दुकानात तुम्ही पावती एकच घेतलीत."

त्यांनी मला नंतर तीन दिवस ओळख दिली नाही. पण त्या घडीला त्यांनी पेला पुन्हा उचलला आणि हातातला चहा डुचमळला. तो हात गेली पाच वर्षं असाच थरथरत होता, सगळी गल्ली जाणते. तोके मात्र त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू तो आत्ताच कोणीतरी बदलून ठेवलाय. मग उठले, पक्कड घेतली आणि सातही सिलं स्वतःच्या हाताने कापली. दर सील कापताना ते कुल्याशबाईंकडे बघत होते. आपण आपल्याच हाताने तिची शाळा बंद करतोय, हे त्यांना कळत होतं. बाई खाली मान घालून चहा ओतत होत्या. जरा जास्तच खाली, असं मला तेव्हाच वाटलं.

मंगळवारी ओरमान परत आला. त्याच्या ओळखीच्या एका फोटोवाल्याला मोठा पडदा हवा होता आणि फोटोवाल्याकडे एक बरा लॅपटॉप पडून होता. ओरमानने अदलाबदल करून आणली होती. त्याने लॅपटॉप चुलीशेजारी मामींपुढे ठेवला. "माझ्या वस्तूचं मी काय वाटेल ते करीन. मामी, हा तुमचा."

तोकेंनी लॅपटॉपला एक प्रदक्षिणा घातली. मग बायकोला. "हे कधी ठरलं?"

"चहा घ्या," कुल्याशबाई म्हणाल्या.

"परवा साखर जास्त पडली होती. तेव्हाच मला कळायला हवं होतं." ते भाच्याकडे वळले. "आणि उद्या तू हाच मागितलास तर?"

"हक्क संपले, मामा. तिन्ही. आता मी या घरात साधा माणूस."

तोकेंनी तिन्ही हक्क बोटांवर पुन्हा मोजले. हिशेबात कुठेच भोक सापडत नव्हतं, आणि त्यानेच ते जास्त अस्वस्थ झाले.

गुरुवारी पुन्हा वादळ, पुन्हा वीज गेली. कुल्याशबाईंनी फोनवरून इंटरनेट घेतलं आणि चुलीजवळ मांडी घालून बसून नाईल समुद्राला नेऊन मिळवली. तोके दाराशी स्टूल टाकून बसले होते. तास संपल्यावर त्यांनी पडद्यातल्या अकरा पोरांकडे निरखून पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "सगळ्यांच्या मागे एकच गालिचा कसा?" तसला गालिचा आमच्याकडे घरोघरी भिंतीवर असतो, त्यांच्या घरीही होता.

बाईंनी मे महिन्यापर्यंत शिकवलं. जूनमध्ये पोरांना तालुक्याच्या वसतिगृहात घातलं आणि ती कॉम्प्युटरवरची शाळा बंद झाली.